दोन खोकी आणि एक दार

रविवारी सकाळी आठ वाजता मातोमेने पुढच्या दाराला मोजायची टेप लावली, मग स्पीकरच्या खोक्याला लावली, मग पुन्हा दाराला लावली. दार मधल्या वेळात मोठं झालेलं नव्हतं.

"दोन बोटं," तो म्हणाला.

"कमी का जास्त?" फिनिअसने विचारलं. फिनिअस त्यांच्या जॅझ मंडळाचा खजिनदार. खोकी उचलायला यायचं म्हणून तो काळेपांढरे बूट, इस्त्रीची पँट आणि पीस लावलेली हॅट घालून आला होता.

"खोकं जास्त."

"मग आत आलं कसं?"

याचं उत्तर चुलीपाशी तेलात माग्विन्या, म्हणजे फुगवलेल्या पिठाचे गोळे, तळत उभ्या असलेल्या मातोमेच्या बायकोजवळ, राइसीबेजवळ होतं. "वरून," ती म्हणाली. "गारांनी पत्रे फुटले त्या वर्षी. घराला छप्पर नव्हतं. दोर लावून उतरवलीत. मी खालून ओरडत होते, पण माझं ऐकायला कोण होतं?"

मातोमे मामेलोडी वस्तीतला, रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. त्याच्याकडे अकराशे रेकॉर्डी, चार हॅट, बुटांचे दोन जोड आणि एक बायको होती, आणि पुसूनपुसून जपायचा क्रमही हाच होता. शहरातलं एक जुनं सिनेमाघर मोडीत निघालं तेव्हा पडद्यामागचे दोन स्पीकर त्याने घरी आणले. एकेक खोकं कपाटाएवढं. आवाजाला लांबी लागते म्हणून त्याने आधी बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडली. मग स्पीकरला पाठीशी भरीव भिंत लागते, दार असलं की ढोल बाहेर गळतो, असं कुठेतरी ऐकून आला आणि स्वयंपाकघराचं मागचं दार विटांनी बुजवून टाकलं. पुढे चोरांची भीती वाटली म्हणून सगळ्या खिडक्यांना स्वतःच्या हाताने लोखंडी गज ठोकले. वीस वर्षं झाली. तेव्हापासून राइसीबे चुलीतली राख, ओले कपडे आणि उकळतं पातेलं घेऊन बैठकीतून पुढच्या दाराने जाते, तीही चवड्यांवर.

"हळू चाल गं, सुई उडते!" हे वाक्य तिने लग्नातल्या शपथेपेक्षा जास्त वेळा ऐकलं होतं. आणि "माझं दार कधी करून देता?" हे त्याने. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे: "पावसाळा संपू दे." वीस पावसाळे संपले.

आजची आफत ओढवली होती ती मागच्या महिन्यात, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ॲटरिजव्हिल वस्तीत. तिथल्या मंडळाचा अध्यक्ष मोडीसे याने आपल्या अंगणात चाळीस माणसं जमवली, रेकॉर्डी लावल्या, आणि लोक हॅट तिरप्या करून एकेकटे नाचत असताना माइकवर म्हणाला, "मामेलोडीवाले स्पीकरच्या फार गप्पा मारतात. आम्ही ते ऐकले नाहीत. आहेत ना नक्की?"

मातोमेचे कान तापले. शेजारी उभी असलेली राइसीबे हळूच म्हणाली, "घरात काही चाळीस माणसं मावायची नाहीत. अंगणात ऐकवा की."

झालं. मातोमेने माइक हिसकावला. "पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारी, माझ्या अंगणात या! दुपारी बाराच्या आत माझे स्पीकर वाजले नाहीत, तर निळ्या रेकॉर्डीवरचा कागद मी सगळ्यांसमोर फाडीन!"

नाचणारे जागच्या जागी थांबले. आमच्याकडचे जुने जॅझवाले आपल्या ठेवणीतल्या रेकॉर्डीच्या नावावर कागद चिकटवतात. वाजवायची सगळ्यांना, पण वाजवणारा कोण ते सांगायचं नाही. सांगितलं की उद्या दुसरा शोधून आणतो आणि आपली किंमत उतरते. मातोमेच्या निळ्या रेकॉर्डीवरचा कागद पंचवीस वर्षांचा होता. त्याखाली कुठला सॅक्सोफोनवाला आहे, हे कळावं म्हणून मोडीसेने मातोमेला जेवायला घातलं, दारू पाजली, एकदा तर आजारी पडल्याचं सोंग केलं. मातोमे बधला नव्हता. तो कागद गेला तर मामेलोडीत त्याला कुणी खुर्ची दिली नसती.

"दार काढू या," मातोमेच्या हातातल्या टेपकडे बघत फिनिअस म्हणाला.

बिजागऱ्या काढून दार काढलं. एक बोट मिळालं. चौकटीची पट्टी उखडली. आणखी अर्धं मिळालं.

"स्पीकर खोक्यातून सोडवू. आधी स्पीकर बाहेर, मागून खोकं."

मातोमेने त्याच्याकडे असं पाहिलं, की फिनिअसने हॅट काढली. "खोकं उघडायचं? आतली हवा वीस वर्षांची आहे! ती गेली की राहिलं काय?"

"अर्ध्या बोटासाठी हवा घेऊन बसलाय," राइसीबे कढईशी बोलली.

शेवटी तळणाचं थंड झालेलं तेल चौकटीला चोपडलं आणि मंडळातल्या आणखी दोघांना हाका मारून चौघांनी खोकं दाराकडे लोटलं. ते गेलं. सुळकन अर्धं गेलं, आणि अर्ध्यावर बसलं ते असं, की पुढे नाही, मागे नाही, वर नाही. बाहेरून ओढणारे फिनिअस आणि ते दोघे अंगणात राहिले. आतून ढकलणारा मातोमे घरात राहिला. घरात राइसीबेही होती, आणि तीन पायांच्या मोठ्या भांड्यात चाळीस माणसांना पुरतील एवढी गुरांची शिजवलेली आतडी, शिवाय मक्याची उकड आणि आंब्याच्या अचाराची बरणी होती.

"फिनिअस, ओढ!"

"ओढतोय! माझा बूट मध्ये आलाय!"

"बूट सोड!"

"नवा आहे, दादा!"

तेवढ्यात फिनिअसचा फोन वाजला. मोडीसेच्या माणसांनी भरलेल्या दोन मिनीबस टॅक्सी निघाल्या होत्या. साडेदहा झाले होते.

मातोमे तेलकट हातांनी खुर्चीवर बसला. पुढचं दार खोक्याने बंद, खिडक्या त्याच्याच गजांनी बंद, छपरावर आता पक्की कौलं. चोराला स्पीकर नेता येऊ नयेत याचा त्याने इतका चोख बंदोबस्त केला होता, की आता त्याला स्वतःलाही बाहेर पडता येत नव्हतं.

राइसीबेने माग्विन्यांवर झाकण ठेवलं, हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "मागची भिंत फोडा."

"वेडी झालीस? आवाज जाईल!"

"आता कुठला आवाज आहे?"

"आणि फोडणार कोण? रविवारी गवंडी कुठे मिळतो?"

"लेसीबा!" राइसीबेने खिडकीतून नुसती हाक मारली.

"काय गं ताई?" तिचा धाकटा भाऊ परसातच होता. त्यानेच वीस वर्षांपूर्वी ते दार बुजवलं होतं. रविवार असून तो कामाच्या डगल्यात होता आणि त्याच्या हातात घण होता. त्या क्षणी मातोमेला याचं काहीच नवल वाटलं नाही. बुडणारा माणूस दोरी कुणाची, हे विचारत बसत नाही.

"दाजी, वरची तुळई लांब आहे," लेसीबा म्हणाला. "जुन्या दाराहून चार विटा जास्त फोडल्या तरी छप्पर हलायचं नाही. बोला, मारू?"

"नको! थांब! विचार करू दे—"

"करा विचार," राइसीबे म्हणाली. "तोवर मी मोडीसेभावजींना खिडकीतूनच सांगते, निळ्या रेकॉर्डीच्या कागदाखाली कोण आहे ते."

मातोमे उठून उभा राहिला. "तुला काय माहीत?"

"पंचवीस वर्षांत तीनदा सुटला तो कागद. पिठाची खळ करून पुन्हा कोण चिकटवत होतं? तुम्ही?"

मातोमे भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मार."

पहिला घाव बसला आणि भिंतीजवळच्या फळीवरच्या रेकॉर्डी थरथरल्या. दोघं नवराबायको धावली. अकराशे रेकॉर्डी पलंगावर गेल्या, पलंग भरल्यावर टेबलाखाली, मग आंघोळीच्या टबात. "उभ्या ठेव, आडव्या नको!" मातोमे ओरडत होता. "मला सांगता?" राइसीबे ओरडत होती. वीस वर्षांत तो तिला पहिल्यांदाच रेकॉर्डींना हात लावू देत होता.

पुढच्या अंगणात टॅक्सी थांबल्या. हॅट, पट्टे, चमकणारे बूट, बायकांचे रेशमी रुमाल, सगळं उतरलं. मोडीसे सर्वांत शेवटी उतरला, कारण तो उतरताना सगळ्यांनी बघायला हवं होतं. त्याने दारात अडकलेल्या खोक्याकडे पाहिलं. घरातून धाड, धाड, धाड असा आवाज येत होता.

"हे काय चाललंय?"

एका पायात बूट आणि एका पायात मोजा घालून उभ्या असलेल्या फिनिअसने हॅट सारखी केली. "आवाज जुळवतायत."

"घणाने?"

"भारी स्पीकर आहेत, मोडीसेदादा. त्यांना हलक्या हाताचं कळत नाही."

मोडीसेने खिशातलं घड्याळ काढलं. "पावणेबारा. कागद फाडायला नखं कापायची का नाही, ते सांग."

आत, भिंत एकदम कोसळली. धुळीचा लोट उठला, आणि त्यात परसाचं ऊन घरात आलं. वीस वर्षांत या बाजूने ऊन आलं नव्हतं. राइसीबे दोन क्षण नुसती उभी राहिली. मग आतड्यांचं भांडं उचललं आणि चवड्यांवर न चालता, दणदण पावलं टाकत परसात गेली.

दुसरं खोकं लेसीबा आणि मातोमेने भगदाडापर्यंत लोटलं आणि तिथेच थांबले. पहिलं खोकं पुढच्या दारात, तोंड पुढच्या अंगणाकडे. दुसरं मागच्या भोकात एका कडेला, तोंड परसाकडे. मातोमेची परदेशातून मागवलेली, बोटाएवढी जाड तार मधल्या अंतराला तोकडी पडली.

"आता संपलं," मातोमे म्हणाला.

लेसीबाने परसातली कपडे वाळत घालायची तार तोडून आणली. एका टोकाला अजून एक चिमटा होता. मातोमेने डोळे मिटून घेतले. बाराला चार मिनिटं कमी असताना त्याने निळी रेकॉर्ड चढवली आणि सुई टेकवली.

पुढच्या अंगणातून पियानो निघाला. परसातून सॅक्सोफोन. ढोल दोन्हीकडून येऊन कौलांवर भेटत होता. लोक क्षणभर गोंधळले, मग पियानोबरोबर पुढे नाचायला लागले, सॅक्सोफोन ऐकू येईना म्हणून नाचतच घराला वळसा घालून मागे आले, तिथे पियानो सापडेना म्हणून पुन्हा पुढे. पाहता पाहता चाळीस माणसं हॅट हलवत घराभोवती फिरायला लागली. ॲटरिजव्हिलच्या एका म्हाताऱ्याने तर भिंतीला कान लावला. "घरच वाजतंय रे!" तो ओरडला.

मोडीसे हात पाठीमागे बांधून घराभोवती तीनदा फिरला. चौथ्या फेरीला भगदाडापाशी थांबला. आतून मातोमे बाहेर आला. डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरा, फक्त डोळे काळे.

"मातोमे," मोडीसे हळू आवाजात म्हणाला, "तू भिंत फोडलीस."

सगळे बघत होते. मातोमेने हॅट झटकली, धूळ मोडीसेच्या कोटावर पडू दिली. "आवाजाला श्वास लागतो," तो म्हणाला. "चार भिंतींत कोंडलेला सॅक्सोफोन म्हणजे पिंजऱ्यातली कोंबडी. हे कळायला मला वीस वर्षं लागली. तू अजून दार लावूनच ऐकतोस ना?"

मोडीसेने तारेला हात लावला. "ही तार कुठली?"

"खास आहे."

"आणि हा चिमटा?"

"तो नसला तर वरचे सूर चिरकतात."

मोडीसेने मान डोलावली, घड्याळ खिशात ठेवलं आणि आवाज आणखी खाली आणला. "भिंत कुठलीही चालते का?"

"तसं बघायला गेलं तर—" मातोमेने सुरुवात केली.

"स्वयंपाकघराची," राइसीबे आतडी वाढता वाढता म्हणाली. "मागची. दुसरी फोडून उपयोग नाही."

"रुंदी किती ठेवायची, वहिनी?"

"दोन्ही हातांत पातेलं घेऊन सरळ चालता आलं पाहिजे. त्याहून कमी झाली की सॅक्सोफोन अडखळतो."

त्याने ते एका पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं.

सोमवारी लेसीबा पुन्हा आला. संडासामागच्या ताडपत्रीखालून राइसीबेने एक चौकट आणि दोन झडपांचं दार काढलं. सहा वर्षांपूर्वी शाळेची जुनी इमारत पाडली तेव्हा घेऊन ठेवलं होतं. भोकात उभं केलं. चारही बाजूंनी नेमकं बसलं, घासावंही लागलं नाही. मातोमेने दाराकडे पाहिलं, लेसीबाकडे पाहिलं, घणाकडे पाहिलं. मग मागच्या महिन्यात, ॲटरिजव्हिलला, आपल्या कानाशी कोण काय कुजबुजलं होतं ते त्याला आठवलं असावं, कारण त्याने हॅट काढून हातात धरली.

"पावसाळ्याच्या आत झालं," राइसीबे म्हणाली आणि राख टाकायला गेली.

महिन्याभरात ॲटरिजव्हिलच्या पाच घरांच्या मागच्या भिंती फुटल्या. मोडीसेची बायको टॅक्सी करून आली, एक मोठा केक घेऊन, आणि राइसीबेच्या नव्या दारातून आत आली. दोघी उंबऱ्यावर बसल्या. मातोमे आत निळी रेकॉर्ड लावून बसला होता. कागद जागच्या जागी होता, खळ ताजी होती.

"वहिनी," मोडीसेची बायको केक कापता कापता म्हणाली, "पंचवीस वर्षं भांडी घासायला मी अंगणातल्या नळावर जाते. आत घ्या म्हटलं, की हे म्हणतात, बघू."

राइसीबेने क्षणभर आतल्या झांजा ऐकल्या. मग म्हणाली, "भावजींना सांगा, मातोमेच्या ध्यानात आलंय. वाजत्या खोलीत पाण्याचा नळ असला की झांजा मऊ लागतात."

"खरं?"

"आमच्याकडे पुढच्या सोमवारी बसतोय," राइसीबे म्हणाली. "यांना अजून सांगायचंय."