तेलात कालवलेलं कुंकू

"आख्खा देश आपल्या ब्रेकवर थांबतो!"

अजिंक्यचं हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस पिंपळे सौदागरच्या त्यांच्या सोसायटीत उरला नव्हता. चाकणच्या कंपनीत ब्रेकच्या खात्यात होता ना गडी! निघोज्याच्या पुढं टेकडीवर सायकली पिटाळायचं ट्रेल सेंटर निघालंय म्हटल्यावर त्यानं रविवारी घरच उचललं. बायको तनुजा, नऊ वर्षांची निशू आणि गावाहून आलेली आई, शालनबाई.

"पोरीला काही झालं तर बघा हं!" तनुजानं गाडीतच दम भरला.

"मी असताना? अगं, ब्रेक म्हणजे माझ्या घरचं खातं!"

वर टेकडीवर ज्योतीराम नावाचा माणूस भाड्यानं सायकली द्यायचा. तो म्हणाला, "दादा, निघायच्या आधी ब्रेक दाबून बघा."

"भाऊ, हे मला सांगताय?" अजिंक्य हसला आणि ब्रेकला बोटसुद्धा लावलं नाही.

तेवढ्यात शालनबाईंनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली. "पूजा केल्याबिगर वाहन हलायचं न्हाई."

"आई, भाड्याची सायकल आहे गं!"

"हाडं भाड्याची हायेत व्हय तुजी?"

अजिंक्यला फोटो काढायची घाई. "बरं, लाव! जिथं चकाचक दिसेल तिथं लाव, पण लवकर!"

आता कोरडं कुंकू वाऱ्यानं उडतं. म्हणून शालनबाई ते घरूनच खोबरेल तेलात कालवून आणायच्या. बाई हुशार! आणि अजिंक्यच्या सायकलीत सगळ्यात चकाचक काय, तर चाकाच्या मधली पोलादी चकती. ब्रेक तिलाच चिमटीत धरून चाक थांबवतो, हे त्या माउलीला काय ठाऊक! पुढच्या-मागच्या दोन्ही चकत्यांवर त्यांनी सढळ हातानं बोटं ओढली.

निशू पुढं सुटली, मागून अजिंक्य. पहिल्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला. काही नाही! दोन्ही दाबले. सायकल आणखीच पळाली. नाकात खोबरेलाचा वास शिरला, तशी त्याची नजर खाली गेली. चकती लालेलाल!

गडी घाबरला. स्वतःसाठी नव्हे हो! पुढं निशू होती, आणि उताराच्या शेवटी दगडधोंड्यांचा ओढा.

"आई!" तो मागं वळून बोंबलला. "निशूच्या सायकलीला पण लावलंस का?"

कुंपणापाशी उभ्या शालनबाईंचा आवाज खणखणीत आला. "लावलं की! तिला तर दोन येळा!"

झालं! पोर हातची जातेय, आणि आपण नुसते मागून घरंगळतोय!

"निशू! उडी मार! नको नको, मारू नको! गवतात घाल! हँडल सोड! सोडू नको!"

"बाबा, नक्की काय करू?"

"तुझा ब्रेक लागणार नाही!"

निशूनं ब्रेक दाबला. कर्रकन सायकल थांबली. पाय टेकून पोरगी शांतपणे मागं बघत उभी राहिली. तिच्या लहान सायकलीला चकती नव्हतीच, साधे रबरी ब्रेक होते. आजीनं कुंकू लावलं होतं घंटीला.

"बाबा, ब्रेक!" शेजारून सुसाट गेलेल्या बापाला ती ओरडली.

ओढ्याच्या अलीकडं घाणेरीची दाट जाळी होती, म्हणून बरं. अजिंक्य आत, सायकल वर!

तनुजा धावत आली. आधी तिनं पोरीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, घट्ट कवटाळलं, मग नवऱ्याला ओढून काढलं. मागून धापा टाकत शालनबाई पोचल्या.

"आई, ब्रेकला तेल लावलंस तू!" अजिंक्य काटे उपटत कळवळला.

शालनबाईंनी त्याच्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "पूजा केली म्हणून वाचलास लेकरा! न्हाईतर आज काय खरं नव्हतं!"

यावर अजिंक्यकडं उत्तर होतं. पण सायकल ओढून काढणाऱ्या ज्योतीरामनं तेवढ्यात विचारलं, "दादा, ब्रेक दाबून बघितला होता ना?"

परतताना अजिंक्य लंगडत मागच्या सीटवर बसला. चावी तनुजानं घेतली. गाडी सुरू करायच्या आधी तिनं ब्रेकवर पाय दाबून बघितला आणि आरशातून नवऱ्याकडं पाहिलं.

"लागतोय हो! तुमच्या कंपनीचा दिसत नाही."