पाचूबंदरी बंद पडलेले गाणे फत्ते जाहले ती हकिकत

श्रीसागरकृपेकरून वसई प्रांती सर्व कुशल असता, मातोश्री आल्बिनाबाई, मुक्काम वटार, यांनी जामात राजश्री युजीनराव यांजकडे खुलासा मागितला जे, आमचे गाणे चार वाजता लागणार ऐसे साऱ्या गावास सांगोन ठेविले असता रेडियो खरखर करीत का राहिला? ऐसियास जे वर्तले ते खरे खरे लिहिले असे.

युजीनराव म्हणजे पाचूबंदरच्या चिमुकल्या एफएम केंद्राचे यंत्राधिपती. केंद्राचा पसारा म्हणाल तर एक खोली, एक पंखा आणि गच्चीवर अँटेना. परंतु लग्न जाहल्यापासून सासूबाईंनी या जावयास कामाचा म्हणोन गणिलेच नव्हते. पेट्या उघडतो आणि झाकतो, इतुकीच त्याची कीर्ती वटारी होती. ते शल्य युजीनरावांस बहुत सलत होते. म्हणोन मोठी मसलत करून त्यांनी सासूबाईंचे जुने लग्नगीत त्यांच्याच आवाजी टिपोन घेतले आणि सारी इज्जत त्या एका गाण्यावर लाविली.

चार वाजले आणि निवेदिका जॉयसबाईंनी ललकारी दिली, आणि तत्क्षणी ट्रान्समीटरावर तांबडा दिवा लागोन यंत्राने मान टाकली. वटारहून फोन आला जे, ओट्यावर बायकांची कचेरी भरली आहे, रेडियोतून नुसती खरखर निघते आणि मातोश्रींचा चेहरा उतरला आहे. ते ऐकोन युजीनराव यंत्रास भिडले. मग फ्यूज बदलिला, आणि मग केबल हलविली, आणि मग यंत्रास दोन थपडा दिल्या, आणि कशानेच यश येईना तेव्हा पेचकस उपसोन दस्तुरखुद्द गच्चीवर चाल केली.

तेथे पाहतात तों कमळीबाई कोळीण ओल्या बोंबलांची पाटी घेऊन उभी, आणि अँटेन्याच्या दांड्यांवर बोंबील वाळत घालिते आहे! युजीनराव खवळले आणि हुकूम फर्माविला जे, मासळी तत्काळ उतरवावी, हयगय केलिया मुलाहिजा होणार नाही. कमळीबाईने मान देखील वळविली नाही.

"कोन म्हनतं उतरव? तुजा दांडा उभा झाला तवापासून इथंच सुकवते मी. चारला सुकं काढलं, आता ओलं लावते. तुला आजच दिसलं काय रं?"

ऐसे बोलोन तिने शेवटची जोडी दांड्यावर टाकिली, तों खालून जॉयसबाईंची आरोळी आली जे, दिवा हिरवा जाहला, गाणे लागले!

युजीनराव जागीच थिजले. मग उमगले जे, केंद्र उभारिले तेव्हा आपण खाली पंख्याखाली बसोन सारे यंत्र जुळविले ते वरच्या बोंबलांसकट, म्हणोन बोंबील उतरताच यंत्र रुसले आणि चढताच जागे जाहले. गच्ची चढोन पाहण्याची तसदी तेव्हा घेतली नव्हती. सबब पहिला हुकूम रद्द करून, हात जोडोन दुसरा फर्माविला जे, कमळीबाईंनी येथेच वंशपरंपरेने बोंबील सुकवावे, आणि ओले चढविल्याखेरीज सुके उतरवू नये. पावसाळ्याची तजवीज अद्याप सुचलेली नाही.

इकडे वटारी मातोश्री स्वतःचाच आवाज ऐकोन ओट्यावर ढसढसा रडल्या, आणि भर कचेरीत जाहीर केले जे, जावई कामाचा निघाला. युजीनरावांस तो दिवस लग्नाहून थोर वाटला. म्हणोन त्यांनी लिहिणारास काकुळतीने विनविले जे, खुलाशात तांत्रिक बिघाड इतुकेच लिहावे, मासळीचे नाव काढू नये. विनंती नामंजूर जाहली. फत्ते बोंबलांनी केली, सबब बोंबलांचेच नावे नोंदविली असे.