वरच्याकडच्या किल्ल्या

इमारतीत त्याला सगळे 'वरचा' म्हणत. गच्चीवरच्या एकुलत्या एका खोलीत राहायचा म्हणून वरचा. एरवी त्याच्यात वरचढ असं काहीही नव्हतं. गावच्या घरी दोन खोल्यांत सात माणसं, आणि त्यात ह्याच्या वाट्याला आलेली जागा म्हणजे स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामधला बोळ. सव्वीस वर्षं लोक ह्याच्या अंगावरून पाणी प्यायला गेले. त्यामुळे पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गोदामात नोकरी लागून ह्या शहरात यायचं ठरलं, तेव्हा त्याला ना पदाचा आनंद झाला ना शहराचा. त्याला फक्त एक दार हवं होतं. स्वतःचं, आतून कडी लावता येईल असं.

शहर ना धड मोठं ना धड लहान. मोठ्या शहरात कोणी विचारत नाही आणि लहान गावात सगळ्यांना आधीच माहीत असतं. इथले लोक विचारतही आणि वर त्यांना आधीच माहीतही असे. "एकटेच का?" अठरा घरमालकांनी विचारलं आणि अठरा जणांनी दार लावून घेतलं. एकोणिसावा तयार झाला, कारण पत्र्याखालच्या त्या खोलीत उन्हाळ्यात दुसरं कोणी टिकत नव्हतं.

"एकटा आहेस ते बरंच आहे," घरमालक म्हणाले. "एकट्या माणसाला काम तरी काय असतं?"

वरच्याला ह्यात सहानुभूती दिसली. माणसाने बावळट असावं, पण त्यालाही काही सुमार असतो.

चौथ्याच दिवशी पहिल्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या काकू जिना चढून आल्या. घरमालकांनी सगळ्या दारांना एकाच दुकानातून, एकाच लॉटमधली कुलपं आणून बसवली होती. दार ओढलं की आपोआप लागायचं, आणि किल्ल्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा सारख्या.

"मी सारखी बाहेर अडकते रे," काकू म्हणाल्या. "ही जादाची किल्ली तुझ्याकडे ठेव. तू काय, एकटाच असतोस."

"ठेवा ना काकू, त्यात काय!"

भीड ही भिकेची बहीण, असं लोक उगीच म्हणत नाहीत. आठवडाभरात काकूंच्या समोरच्या घरातले विमा एजंट काका आले. मग दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक आले, मग त्यांच्या समोरचं नोकरदार जोडपं आलं. शेवटी खुद्द घरमालकही आपली किल्ली घेऊन आले, कारण सगळ्यांनी ठेवली आणि आपण नाही ठेवली, तर आपलं काही चुकतंय असं त्यांना वाटू लागलं. किल्ल्यांपाठोपाठ पार्सलं आली. मग गॅसवाल्याची वाट बघणं आलं, कुंड्यांना पाणी घालणं आलं. ज्या दाराला आतून कडी लावायला हा गाव सोडून आला होता, ते दार दिवसातून दहा वेळा वाजायला लागलं, आणि हा दहाही वेळा हसतमुखाने उघडायला लागला. आपण लोकांना हवेहवेसे झालो आहोत अशी त्याची समजूत होती.

पाच किल्ल्या ओळखायच्या कशा, हा खरा प्रश्न होता. नावं त्याला ठाऊक नव्हती. पहिल्या दिवशी सगळ्यांनी सांगितली होती, ह्याने मान डोलावली होती आणि एकही लक्षात ठेवलं नव्हतं. आता महिन्याने विचारायचं कोणत्या तोंडाने? सगळेच काका आणि सगळ्याच काकू. म्हणून त्याने लेबलं केली: 'पहिला मजला डावीकडे', 'दुसरा मजला उजवीकडे'. अक्षर सुरेख होतं, फक्त अक्कल कमी पडली. चढताना जे डावीकडे असतं ते उतरताना उजवीकडे येतं, एवढं साधं गणित गोदामातल्या माणसाला सुचू नये? गोदामाला सुट्टी असलेल्या एका दुपारी मुख्याध्यापकांचे मेहुणे आले, ह्याने त्यांना जोडप्याची किल्ली दिली, आणि मेहुणे जोडप्याच्या पलंगावर तीन तास निवांत झोपले. संध्याकाळी बायको कामावरून आली. तिची किंकाळी गच्चीवर ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी त्याने गोदामातल्या साहेबांना सल्ला विचारला. साहेब तीस वर्षं नटबोल्ट मोजत होते आणि त्यामुळे त्यांना जगातलं सगळं कळत होतं.

"लेबलावर जागा लिहायची नसते," साहेब म्हणाले. "जागा बदलते. नाव माणूस विसरतो. गुण लिहावा, गुण! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

"म्हणजे कसं, साहेब?"

"म्हणजे गळका पंप आला, की मी 'गळका' असं लिहितो. कोणाला विचारावं लागतं का?"

वरच्याला हे इतकं पटलं, की त्याच संध्याकाळी त्याने खोक्याच्या फळीला खिळे ठोकले, ती दारामागे टांगली आणि नवी लेबलं लिहिली. शिलाईवाल्या काकू कधीही विचारलं तरी कपडे उद्या देते म्हणायच्या. त्यांच्या किल्लीवर लिहिलं 'उद्या नक्की'. एजंटकाकांच्या किल्लीवर 'जिन्यात गाठणारे'. मुख्याध्यापकांच्या, 'आमच्या वेळी असं नव्हतं'. जोडप्याच्या, 'भांडण, रोज सकाळी साडेसात'. घरमालकांच्या, 'पाणी बंद करणारे'. सहाव्या खिळ्याला त्याने खोलीचीच जादाची किल्ली लावली, आणि तिच्यावर काय लिहावं याचा जरा विचार करून काहीतरी लिहिलं. मग दोन पावलं मागे सरून फळीकडे कौतुकाने बघत राहिला. पंधरा दिवस एकही चूक झाली नाही. कोणी आलं, की हा लेबल काढून नुसती किल्ली बाहेर द्यायचा. एवढी हुशारी त्याच्याकडे होती. फक्त ती चोवीस तास टिकणारी नव्हती.

रविवारी सकाळी तो डोक्याला साबण लावून न्हाणीघरात उभा असताना दार वाजलं.

"अरे, मी! बाहेर अडकले रे!" शिलाईवाल्या काकूंचा आवाज.

"काकू, दार नुसतं लोटलंय! फळीवरून घ्या ना तुमची तुम्हीच!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साबण डोळ्यांत जायच्या आत त्याला आपण काय बोललो ते कळलं, पण तोवर काकू फळीपाशी पोचल्या होत्या. मग काकूंचं हसू ऐकू आलं. आधी बारीक, मग खो खो.

"'जिन्यात गाठणारे'! अगं आई! आणि हे 'आमच्या वेळी'... अरे, किती खरं लिहिलंयस रे!"

"काकू, मिळाली का किल्ली?" आतून रडवेला आवाज आला.

"नाही रे, माझी दिसत नाहीये इथे. कुठे ठेवलीस?"

आपण बाहेर अडकलोय हेही विसरून काकू किल्ली न घेताच खाली गेल्या आणि एजंटकाकांना वर पाठवून दिलं. एजंटकाकांनी 'उद्या नक्की' वाचून मांडी थोपटली, त्यांच्याही दोन पँटी चार महिने अडकल्या होत्या. त्यांनी मुख्याध्यापकांना बोलावलं. मुख्याध्यापक 'साडेसात' वाचून गालातल्या गालात हसले आणि जोडप्याला हाक मारली. जोडप्याने 'पाणी बंद करणारे' वाचून एकमेकांना टाळी दिली, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. प्रत्येकाला, मागून आलेल्या घरमालकांनाही, बाकीचे चौघे ओळखू आले. स्वतःला कोणीच ओळखलं नाही. तासभर इमारतीत इतका आनंद होता, की वरचा टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात उभा राहून भाबडेपणाने हसू लागला होता.

पण जिन्यात माणसं भेटतात आणि बोलतात. दुपारपर्यंत प्रत्येकाला दुसऱ्याने सांगून टाकलं. आणि संध्याकाळी पाच वाजता वरच्याच्या खोलीत, वरच्याच्याच खुर्च्या आणि पलंग अडवून, वरच्याविरुद्ध सभा भरली. चहाही वरच्यानेच केला.

"एकटा माणूस ठेवू नये म्हणतात, ते खोटं नाही," घरमालक म्हणाले. "घरात बाईमाणूस असतं तर असले उद्योग सुचले असते?"

"आमच्या वेळी..." मुख्याध्यापक सुरू झाले, आणि सगळ्यांनी एकदम चहाच्या कपात बघितलं. मुख्याध्यापकांनी वाक्य तिथेच सोडलं. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं असावं.

"काका, माझं चुकलं," वरचा म्हणाला. "पण खोली सोडायला नका सांगू. अठरा ठिकाणी नकार मिळालाय हो. दुसरीकडे कोणी उभं करणार नाही, मला घरी परत जावं लागेल."  हे बोलताना त्याच्या डोळ्यांसमोर मोरीशेजारचा बोळ दिसत होता.

"ते आधी सुचायला हवं होतं. पुढच्या रविवारी खोली रिकामी करायची," घरमालकांनी निकाल दिला. "आणि आत्ताच्या आत्ता ज्याने त्याने आपापली किल्ली उचलायची."

कोणी उठेना.

"उचला की!"

"तुम्ही आधी घ्या ना," काकू म्हणाल्या.

"मी? मी का आधी?" घरमालक फळीकडे न बघता म्हणाले. "माझी ह्यात कुठली आहे ते मला कसं कळणार?"

खरी अडचण तिथे होती. किल्ली उचलायची म्हणजे लेबल कबूल करायचं. 'जिन्यात गाठणारे' कोण हे सहा जणांना पाठ होतं, पण एजंटकाकांनी हात पुढे केला असता तर त्यांनी स्वतःच तशी सही दिल्यासारखं झालं असतं. खाई त्याला खवखवे, आणि इथे तर सगळ्यांचेच घसे धरले होते.  मग एजंटकाकांची नजर सहाव्या खिळ्यावर गेली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ही बघा! ही माझी," ते म्हणाले आणि किल्ली काढलीसुद्धा. लेबलावर लिहिलं होतं, 'भला माणूस'.

"तुमची कशी?" मुख्याध्यापक ताडकन उठले. "मी त्याला गेल्या महिन्यात माझी जुनी छत्री दिलीय!"

"माणूस लिहिलंय म्हणून काय बाईमाणूस नसतं?" काकूंनी किल्लीचं दुसरं टोक धरलं. "त्याच्या शर्टाला गुंडी मी लावून दिली!"

"कधी?" जोडप्यातली बायको म्हणाली.

"उद्या देणार आहे!"

"अहो, ती किल्ली..." वरच्याने तोंड उघडलं.

"तू गप्प बस!" पाच जण एकदम म्हणाले, आणि हा गप्प बसला. सगळ्या आयुष्यात जिथे बोलायला हवं होतं तिथे हा असाच गप्प बसत आला होता.

"भांडू नका," घरमालक म्हणाले. "किल्ली लावूनच बघू. ज्याचं दार उघडेल तो भला. सुरुवात माझ्या दारापासून."

वरात जिना उतरून तळमजल्यावर गेली. घरमालकांच्या दाराला किल्ली लागली नाही. त्यांनी ती उलटी करून बघितली, तेल घालून बघितली. काकूंच्या दाराला लागली नाही. एजंटकाकांनी आपल्या दाराला खांदाही लावून बघितला. मुख्याध्यापकांचं दार ढिम्म राहिलं. जोडप्याने आधी नवऱ्याच्या हाताने आणि मग बायकोच्या हाताने प्रयत्न केला आणि कुणाच्या हाताला यश नाही यावरून भांडण लावून घेतलं, संध्याकाळचे सहा वाजले असूनही.

"आता एकच दार राहिलं," मुख्याध्यापक सावकाश म्हणाले, आणि सगळ्यांनी मागे वळून वरच्याकडे पाहिलं. त्याने जमिनीकडे पाहिलं.

गच्चीवरचं दार एका फिरकीत उघडलं.

"असं होय!" काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आम्ही सगळे असले, आणि तू तेवढा भला माणूस?"

वरच्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. इतरांविषयी खरं लिहिणारा हा गृहस्थ स्वतःविषयी लिहिताना इतरांसारखाच निघाला होता. पण त्याची फजिती बघून बाकीच्यांचे चेहरे मात्र निवळले. आपल्या पंक्तीला आणखी एक पान वाढलेलं पाहून कोणाला बरं वाटत नाही?

"आता किल्ल्यांचं काय?" एजंटकाकांनी विचारलं.

"हा गेला की न्याव्या लागणार," घरमालक म्हणाले. "ज्याने त्याने. सगळ्यांसमोर." पुन्हा कोणी हललं नाही. घरमालक खाकरले. "तूर्त राहू दे त्याला. आहे तसंच चालू दे."

वरच्याने त्यांचे पायच धरले असते, पण ते लगेच पुढे म्हणाले, "फक्त ह्या खोलीची ही किल्ली खाली माझ्या दाराबाहेर खिळ्याला राहील. कोणाला आपली किल्ली लागली, तर वर जायचं, दार उघडायचं, घ्यायची. ह्याला विचारायला नको आणि नाव सांगायला नको."

"पण मी घरात असेन तेव्हा?" वरच्याने विचारलं.

"तुला काय, एकटाच तर असतोस!" काकू म्हणाल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. इमारतीचं आजवर पाण्यावरसुद्धा एकमत झालं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी तो कामावरून परतला तेव्हा दार सताड उघडं होतं. पलंगावर मुख्याध्यापकांचे मेहुणे झोपले होते. खुर्चीवर एजंटकाका एका अनोळखी गिऱ्हाइकाला आयुष्याचा भरवसा नसतो हे समजावत होते. "ये ये, बस," त्यांनी वरच्याला सांगितलं, आणि तो अंग चोरून दाराशी टेकला.

तिथून त्याला फळी दिसली. पाचही किल्ल्या जागच्या जागी होत्या, पण लेबलं नवी होती. पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांत 'भला माणूस', 'भली बाई', 'भले घरमालक', 'भले गृहस्थ' आणि 'भलं जोडपं'. शेवटच्यात दोन वेळा खाडाखोड होती.

खोलीत उभं राहायला जागा उरली नाही, तेव्हा तो जिना उतरून खाली गेला. घरमालकांच्या दाराबाहेर खिळ्याला त्याच्या खोलीची किल्ली लटकत होती. तिच्यावरचे 'भला माणूस' हे शब्द कोणीतरी, बहुधा मुख्याध्यापकांनीच, पट्टी धरून खोडले होते आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'सार्वजनिक'.

वरचा ते लेबल बराच वेळ बघत राहिला. सहा लेबलांत तेवढं एकच बरोबर लागलं होतं.