शुद्ध पावणेबारा

प्राथमिक शाळेतल्या मुलांना काय शिकवावं, हे अख्ख्या परभणी जिल्ह्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! ताडकळसच्या पालकसभेत मी टेबलावर हात आपटून सांगितलं, "गणितात पाऊणकी, सवायकी तोंडपाठ हवी, आणि भाषा शुद्ध हवी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात चहा आला होता म्हणूनही असेल, पण वाजवल्या!

घरी येऊन लगेच तिसरीतल्या लेकीला, सृष्टीला धरलं.

"घरी येतात ते पाहुणे. 'पावणे' म्हणायचं नाही! पावणे फक्त गणितात. पावणेदोन, पावणेतीन."

"पण बाबा, आजी तर..."

"आजीची शाळा वेगळी!"

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीला, निकिताला, बघायला पालमहून मंडळी येणार होती. फोटोतला मुलगा तिला फार आवडला होता. आईनं तर देवच पाण्यात घातले होते. शनिवारी मध्यस्थ नागनाथमामांचा फोन सृष्टीनं घेतला आणि मला निरोप दिला, "उद्या सकाळी पावणेबाराला पाहुणे येणार." काय ते शुद्ध वाक्य! माझी छाती फुगली.

रविवारी सकाळी मी निवांत. डोक्याला मेंदी थापून बनियनवर अंगण झाडत होतो. तेवढ्यात दारात जीप थांबली आणि त्यातून माणसं उतरतच राहिली!

"रामराम! पोरगी बघायला आलाव," पुढचे फेटेवाले आजोबा म्हणाले.

"घर चुकलं तुमचं. आमचे पाहुणे पावणेबारा..."

"आमीच की! पावणे बारा!"

"अहो, आत्ता तर नऊच आहेत!"

"नऊ कशाचे? बारा हाव! मोजा की!"

"मोजायचं काय त्यात? घड्याळ आहे माझ्याकडे!"

आजोबा लालबुंद झाले. "दारातल्या पावण्याला घड्याळ दाखवायलाय! चला रे, फिरवा जीप!"

आतून निकिता धावत आली. "दादा, माझं लग्न मोडायलास का?" तिचे डोळे भरलेले बघून मी लेकीला हाक मारली.

"सृष्टी! मामा नेमकं काय म्हणाले होते?"

"'सकाळी पावणे बारा यायलेत' म्हणाले. पण पावणे तर गणितातच असतात ना? मग मी बाराला 'ला' लावला, पाहुणे घातले आन् शुद्ध केलं!"

मी पळत जाऊन जीपपुढे उभा राहिलो. कपाळावरून मेंदी ओघळत होती. दोन्ही कान धरून सगळा प्रकार सांगितला. आधी मागच्या सीटवरून कुणीतरी फिसकन हसलं. तो नवरदेव होता! मग सगळी जीपच हसायला लागली.

शेजारणीच्या मोठ्या कढईत पोहे झाले, बघणं झालं. आजोबांनी बशी खाली ठेवली.

"पोरगी लय पसंत हाय! पन एक अट हाय."

निकितानं घाबरून माझ्याकडे बघितलं.

"सांगा ना," मी कसाबसा म्हणालो.

"लग्नाचं आवतन अशुद्धच धाडा. आमचे समदे पावणे आले पायजेत!"