गावंडे सरांचं लाजाळू ऑक्सिटोसिन

आमच्या अकोटच्या गल्लीत त्या महिन्यात भाजीवाली कुजबुजत भाजी विकायची. दारापर्यंत येऊन कानात सांगायची, "मेथी हाय, ताजी." ओरडायला बंदी, हा गावंडे सरांचा हुकूम. सर माझे शेजारी. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांची लेक मीनल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

"वहिनी, ऑक्सिटोसिन लय लाजाळू असते," ते मला बजावत. "गलबला झाला, भेव वाटलं, का ते येतच नाही. मंग कळा कशा येतीन?"

सरांच्या तोंडी हार्मोनंसुद्धा नात्यागोत्याची. प्रोजेस्टेरॉन म्हणजे सासू. नऊ महिने लेकराला 'राहा अजून, घाई कायची' म्हणणारी. दिवस भरत आले की तिचं चालेनासं होतं, इस्ट्रोजेनचं चालू लागतं. प्रोस्टाग्लँडिन पिशवीचं तोंड मऊ करतं आणि ऑक्सिटोसिन म्हणजे न्यायला आलेला भाऊ. "पन निरोप लेकरूच धाडते बरं!" हे मी इतक्यांदा ऐकलं, की परीक्षेला बसले असते तर पास झाले असते.

मीनलची आई ती शाळेत असतानाच गेलेली. म्हणून तिच्या सासूबाई म्हणत होत्या, बाळंतपण इकडंच होऊ द्या. सर अडून बसले. "आई नाही म्हून माहेर नाही काय?" माझ्याकडून डिंकाचे लाडू शिकले. पहिल्या लाडवांनी भिंतीत खिळा ठोकता आला असता, पण मीनलनं ते मुकाट्यानं खाल्ले.

तारीख उलटली. फोनवर फोन, "झाली काय?" सर "नाही" म्हणून ठेवून देत. व्याह्यांनाही सोडलं नाही.

शेवटी एका सकाळी कळा सुरू झाल्या. आम्ही तिला अकोल्याला दवाखान्यात नेलं आणि दुपारी त्या मंदावल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजीचं काही नाही, वाट पाहू. सरांना कुठला धीर! त्यांनी जावयाला खोलीबाहेर काढलं. "घाबरलेलं मानूस आत नको!" मग स्वतःही बाहेर आले.

"वहिनी, तुमी जा आत."

"आणि तुम्ही?"

"सगळ्यात जास्त भेव माह्याच तोंडावर हाय. तिची आई असती तं..." मला फार वाईट वाटलं.

आत मीनलनं पहिलं विचारलं, "बाबा कुठं गेले?" मी खरं ते सांगितलं.

"त्याइले म्हना, मलेबी भेव लागून राहिलं. मिळूनच भेऊ."

सर आले. एकाही हार्मोनाचं नाव न घेता तिच्या उशाशी बसले. तिचे केस घामानं चिकटले होते. ती शाळेत जाताना रोज घालून द्यायचे तशी ते तिची वेणी घालू लागले. वेणी वाकडीच होत होती. ती अर्धी झाली असेल-नसेल, तोच मीनलनं त्यांचं मनगट गच्च धरलं. कळ आली होती.