ज्याचं निघेल, त्यानं भरायचं

आमच्या रांगेत सहा घरं आहेत आणि सहा घरांत डोकं शांत ठेवून विचार करणारं माणूस एकच आहे, ते म्हणजे मी. हे मी बाळंतपणाआधीही सांगायचे. आता बाळ सव्वा महिन्याचं झालंय तरी माझ्या मतात फरक पडलेला नाही. लेक झोपलीय तोवर लिहून घेते.

सहा घरांची सांडपाण्याची लाइन एकच. पहिलं घर बाजीरावतात्यांचं, शेवटचं आमचं, आणि उतार आमच्याकडं. तात्यांनी सकाळी तोंड धुतलं की ते पाणी सगळ्यांना भेटत भेटत आमच्या चेंबरमधून पुढं गटाराला जातं. गेल्या सोमवारी ते पुढं गेलं नाही. आमच्या न्हाणीत आलं. सोबत भाताची चार शितं घेऊन आलं.

नकोशीबाई तेव्हा पाटावर पाय पसरून, पायांवर बाळाला पालथं घालून तेल चोळत होत्या. इंदापुरातली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर वाढलीत. डाळीचं पीठ, साय, हळद असं सगळं कालवून त्यांचा गोळा तयार असतो, तो अंगावरनं फिरला की बाळ पेढ्यासारखं होतं. पाणी मांड्यांपर्यंत चढलं तशा त्या म्हणाल्या, “मी पोरं न्हाऊ घालते बाई, म्हशी न्हाय. उद्यापत्तूर हे गेलं तर येते, न्हायतर दुसरी बाई बघा.”

बाळाला पाजणं मला जमतं, झोपवणं जमतं. रडणं भुकेचं का पोटदुखीचं तेही कळतं. पण तेल लावलेलं ओलं बाळ हातात धरायचा मला धीर होत नाही. माझ्या हातून साबणाची वडी रोज सुटते, आणि ही तर माझी मुलगी. आई लासुर्ण्याला कंबर धरून पडलेली. नवरा, सोमनाथ, लोणी देवकरला कंपनीत पहिल्या पाळीला. नकोशीबाई गेल्या म्हणजे अंघोळ माझ्यावर. त्यात रविवारी बारसं.

मी संध्याकाळी तात्यांच्या ओट्यावर सगळ्यांना गोळा केलं. गुलजारभाई प्लंबर लाइन बघून गेले होते. स्प्रिंगची तार घालून सगळं साफ करायचे चोवीसशे म्हणाले होते. तात्या म्हणाले, सहा घरं, चारशे-चारशे काढा आणि मोकळे व्हा. सगळे माना हलवायला लागले होते. तेवढ्यात मी विचार केला.

मी म्हणाले, सरसकट वाटणी हा अन्याय आहे. “ज्याच्या घरचं निघेल, त्यानं भरायचं.”

तिसऱ्या घरातल्या ज्योत्स्नाताई कंपनीतल्या पोरांना डबे देतात. रोज चाळीस डबे. मी त्यांचं नाव घेतलं नाही, नुसतं त्यांच्याकडं बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. ज्योत्स्नाताई पदर सारखा करत हळूच म्हणाल्या, “चालंल.”

तात्या विकास सोसायटीत तीस वर्षं सचिव होते. त्यांना ठराव लिहिल्याशिवाय जेवण जात नाही. त्यांनी ठराव लिहिला. पहिली सही मी केली. मोठ्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलजारभाईंनी आधी आमच्या न्हाणीतून तार घातली, मग चेंबर उघडलं. सगळी रांग भोवती उभी. मी बाळाला घेऊन पुढंच. त्यांनी तार फिरवली, ओढली, परत फिरवली, आणि नारळाएवढा पिवळाधमक गोळा वर आला. मागोमाग पाणी घळाघळा निघून गेलं.

मी शांतपणे म्हणाले, “पिठलं.” आणि उगाच शंका राहायला नको म्हणून सांगितलं की बुधवारी डब्यात पिठलंच असतं.

“माझ्या पिठल्यात मिरची आसती गं,” ज्योत्स्नाताई म्हणाल्या. “आन् ते उरत न्हाय.”

नकोशीबाई आपल्या वेळेला आल्या होत्या. त्या गर्दीतनं पुढं आल्या, वाकल्या, चिमूटभर गोळा बोटांत घेऊन चोळला, नाकाला लावला. मग तोंडभर हसल्या.

“पिठलं कुठलं. वेखंड हाय ह्यात, साय हाय. माज्या हातचं हाय.” आणि चार जणांना बोट लावून बघायला लावलं. “म्हयना झाला पाण्यात हाय, पर मऊपणा बगा.”

मी बाळाचं टोपडं नीट करण्यात गुंतले. ते बराच वेळ नीट होईना. तात्यांनी खिशातनं ठराव काढून मोठ्यानं वाचला. सह्यासुद्धा वाचल्या, पहिल्यापासून.

मग ज्योत्स्नाताईच म्हणाल्या, “तात्या, बाळंतिणीकडनं कुठं पैसं घेत्यात व्हय? बारशाला आमी काय तर आणणारच व्हतो. ज्याचं त्याचं चारशे, ह्योच आहेर धरा.”

सगळ्यांना हे पटलं. जरा जास्तच लवकर पटलं. आमचेही चारशे बाळाच्या नावानं धरले गेले. तात्यांनी लगेच आहेराची यादी केली, घर क्रमांक, नाव, आणि वस्तूच्या रकान्यात सगळ्यांपुढं ‘ड्रेनेज’. जगात आल्यावर माझ्या लेकीला मिळालेली पहिली भेट म्हणजे शंभर फूट स्वच्छ पाइप. मी ज्योत्स्नाताईंना काहीतरी म्हणणार होते, पण त्याच म्हणाल्या, दुपारी डबा पाठवते, मेथी-भाकरी. पिठलं न्हाय.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण गुलजारभाई तार गुंडाळत म्हणाले, “ताई, हितनं पुढं तेल-पीठ न्हाणीत सोडायचं न्हाय. नुसता साबण.”

नकोशीबाईंचा चेहरा उतरला. “बिनपिठाची आंगूळ? त्याला आंगूळ न्हाय म्हणत. त्याला इसळणं म्हणत्यात.” त्यांनी पंचा खांद्यावर टाकला आणि निघून गेल्या. पाणी गेलं, त्याच्यापाठी त्याही गेल्या.

राहिलो मी आणि बाळ. ज्योत्स्नाताई दारात उभ्या राहिल्या, मान धर, डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नको, एवढंच सांगायला. मी पाटावर पाय पसरले. बाळ माझ्याकडं एकटक बघत होतं, परीक्षेला वरनं साहेब यावा तसं. मी पहिला तांब्या घातला. ती रडली नाही. दुसरा घातला. तिनं एवढासा सुस्कारा टाकला आणि माझं बोट धरलं. पाणी बघता बघता गेलं. आनंदानं माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मी तिला टॉवेलात गुंडाळलं.

“जमलं की गं,” म्हणत ज्योत्स्नाताईंनी कौतुकानं तिचा पाय हातात घेतला. मग बघतच राहिल्या. “मोजं घालून न्हाऊ घातलंस व्हय?”

एका पायात ओला मोजा होता. दुसरा पाय उघडा होता.

न्हाणीच्या भोकावरची जाळी गुलजारभाईंनी काढून खिडकीत ठेवली होती, ती मला तेव्हा दिसली. मी ज्योत्स्नाताईंना म्हणाले, दुसरा आधीच काढला होता.

रविवारी बारसं आहे. अजून तरी पाणी जातंय.