दिगूचे भरलेले हात

आमचा मेव्हणा दिगंबर माणसाला नमस्कार करत नाही. तो हात धरतो. पंजा नव्हे. मनगट आणि कोपर यांच्या मधला मांसाचा भाग अंगठा आणि दोन बोटांत पकडतो, मंडईत वांगं दाबून बघावं तसा दाबतो आणि तिथंच निकाल देतो. "दगड." नाहीतर "चालेल." फारच खूश असला तर "लोणी." लोणी मिळालेली माणसं कमी. आमच्या शेजारचं तान्हं पोर आणि बँकेतला एक कॅशियर, एवढी मला आठवतात. कॅशियर खूश झाला होता. पण दिगू पुढं म्हणाला, "कामच करत नाहीत हो हे," आणि मग तो नोटा मोजायचा थांबला तो थांबलाच.

ह्याच सवयीपायी त्याचं लग्न राहिलं. मुलगी बघायला धनकवडीत गेलो होतो. मुलीचे वडील दारात हात जोडून उभे. ह्यानं ते जोडलेले हात सोडवले, उजवा कोपराखाली दाबला आणि म्हणाला, "दगड. स्कूटरवर बसून कोणाचा गळा दाबता काय?" आत पोहे मिळाले. चहा आला नाही. पुण्यात चहा आला नाही म्हणजे काय ते मी सांगायला नको. परत येताना आमच्या मंडळीनं, म्हणजे ह्याच्या थोरल्या बहिणीनं, शालननं, घर येईपर्यंत दम धरला. घरी आल्यावर म्हणाली, "दिग्या, तुला बायको नको, वैदू पाहिजे."

हे हाताचं वेड कुठून आलं ते सांगतो, म्हणजे माणूस अगदीच खुळा वाटायला नको.

दिगू भोसरीत कारखान्यात फिटर होता. रविवारी मातीत मोटारसायकल पळवायचा. रस्त्यावरची नव्हे. खड्डे, उंचवटे, चिखल, उड्या, असलं सगळं. तरुणपणी मांजरी गावाकडच्या एका रानात शर्यत होती. हा सगळ्यांच्या पुढं. आम्ही नवरा-बायको बांधावर उभे. शेवट जवळ आला आणि ह्याचे हात भरले. गाडी चालवणारी पोरं त्याला असंच म्हणतात. कोपराखालचा हात फुगतो, दगडासारखा होतो, बोटं मिटत नाहीत, मिटली तर उघडत नाहीत. वळण आलं, ब्रेकचा दांडा ओढायचा तर बोटं ऐकेनात. गाडी सरळ उसात गेली. नुसता ऊस हलताना दिसत होता, हलत हलत लांब गेला, मग थांबला. बाहेर काढला तेव्हा हा धड होता, पण दोन्ही हातांची बोटं हँडल धरल्यासारखी वाकडी. शालननं त्याला बशीनं चहा पाजला, सगळ्या लोकांच्या देखत.

त्या दिवसापासून ह्यानं एकच धरलं. हात का भरतात आणि कसे भरू द्यायचे नाहीत. देव, राजकारण, जमीनजुमला, कशातच लक्ष नाही. दूधवाला चरवी कशी धरतो, न्हावी कात्री कशी धरतो, शालन लाटणं कसं धरते, हे बघत बसायचा. मी डेअरीच्या टेम्पोवर ड्रायव्हर होतो. माझ्या शेजारी बसला की डोकं उठवायचा. "दाजी, स्टेअरिंग पळून जात नाही. कशाला आवळता?"

मी म्हणायचो, "उतर खाली, चालत ये."

नोकरी संपल्यावर त्यानं वाघोलीच्या पलीकडं एका शेतकऱ्याचं पडीक रान घेतलं भाड्यानं. तिथं तो पोरांना शिकवतो. पोरं म्हणजे कंप्युटरवाली. आठवडाभर खुर्चीत बसायचं आणि रविवारी लाखालाखाच्या गाड्या घेऊन मातीत पडायचं. ती त्याला सर म्हणतात. आठवीला दोनदा बसलेल्या माणसाला. शालन हसून हसून बेजार व्हायची.

तर सांगायचं कारण असं. शालन जाऊन वर्ष होऊन गेलं. दिगूनं सगळं केलं तिचं. पळापळ, औषधं, शेवटचं पाणी, सगळं. त्या दिवसांत त्यानं कोणाचाही हात दाबला नाही. तेराव्याला जेवला, चपला घातल्या आणि गेला. तेव्हापासून ह्या घरात आला नाही. फोन केला की, "येतो दाजी, जरा काम आहे." कसलं काम? ना बायको, ना पोर.

आधी दर रविवारी यायचा. रानातून सरळ कात्रजला, आमच्याकडं. मातीनं माखलेला. "आक्का, हात भरले," म्हणत स्वयंपाकघरात फतकल मारायचा. शालन तिळाचं तेल कोमट करायची, त्याचे हात मांडीवर घ्यायची आणि मनगटापासून कोपरापर्यंत रगडायची. तोंडानं शिव्या चालू. तो डोळे मिटून. दोघं त्यांच्या लहानपणाचं काहीतरी बोलायची. कोणती म्हैस, कोणता मास्तर, कोण विहिरीत पडलं होतं. मी बाहेर पेपर वाचत बसायचो आणि ओरडायचो, "साठीला आला घोडा, अजून बहीण हात चोळते!"

आता घरात मी आणि भिंती. मुलगी नाशिकला आहे, फोन करते, "बाबा, गोळ्या घेतल्या का?" एवढं विचारते. चांगली आहे पोरगी. पण तिला तिची आई ठाऊक. मला पाहिजे होतं ते दुसरंच. कोणीतरी दारातून "आक्का" म्हणावं. ती लहानपणी कशी होती, झाडावर चढायची का, मार खायची का, ते सांगणारा एकच माणूस जगात उरला होता आणि तो वाघोलीला चिखलात बसला होता. मी रविवारी मटण आणायचो. दोघांचं. मग सोमवारी पण तेच खायचो.

शेवटी एका रविवारी बस पकडली, दुसरी पकडली, उरलेलं रिक्षानं गेलो. म्हटलं, तोंडावर विचारतो, येणार का नाही ते सांग.

रान सापडायला वेळ लागला नाही. चहूबाजूंनी इमारती उभ्या राहिल्यात, मध्ये एवढाच तुकडा धुळीनं भरलेला, आणि त्या धुळीतून आवाज येतोय, "सेव्हन्टीन वन्स आर सेव्हन्टीन!" मी म्हटलं, शाळा भरली काय. बघतो तर गाडीवर उभा राहून एक दाढीवाला बाप्या उंचवट्यांवरून उड्या मारतोय आणि पाढा म्हणतोय. त्याच्या मागं एक पोरगी, ती पण पाढा म्हणतेय. दिगू बांधावर उभा राहून ओरडतोय, "आवाज येत नाही! श्वास कोंडलाय! दात आवळले की मूठ आवळते, मूठ आवळली की हात गेला! म्हणा!"

मला बघितलं. मग जवळ येऊन म्हणाला, "दाजी? एवढ्या लांब? बसा, बसा सावलीत." माझा हात काही धरला नाही.

मी बसलो. म्हटलं, आधी ह्याचं काम होऊ दे. माणसांसमोर नको.

काम म्हणजे तमाशाच. गाडीवर बसायच्या आधी सगळ्यांनी हात झटकायचे, मनगटं फिरवायची, पाणी प्यायचं. मग प्रत्येकाला दोन्ही गुडघ्यांसाठी वर्तमानपत्राची एकेक घडी. गुडघे आणि पेट्रोलची टाकी यांच्यामध्ये त्या घड्या धरून आख्खी फेरी मारायची. एक जरी पडली तर परत पहिल्यापासून. "गाडी गुडघ्यानं धरायची," दिगू सांगत होता. "हात नुसते पाहुणे. पाहुण्यानं घर धरून ठेवायचं नसतं. कोपरं बाहेर. क्लचला एक बोट, ब्रेकला एक बोट, बाकीची नुसती टेकलेली."

दाढीवाला म्हणाला, "पण सर, ग्रिप स्ट्रेंथ? मी जिममध्ये रोज फोरआर्म मारतो."

"स्टेशनवर बॅगा उचलणार आहेस का?"

"नाही सर."

"मग बंद कर. फुगवलेले हात सगळ्यात आधी भरतात. बस गाडीवर. घडी घे. आणि सतराचा झाला असेल तर एकोणीसचा म्हण."

"सर, एकोणीसचा येत नाही."

"एवढा पगार घेतोस काय करून?"

पाढा म्हणणारी पोरगी चहाला माझ्या शेजारी येऊन बसली. सानिका नाव. हातमोजे काढून मला बिस्किटं दिली. "आजोबा, तुम्ही सरांचे कोण?"

"त्याच्या बहिणीचा नवरा."

"सर लीजंड आहेत हां. एवढ्या वर्षांत त्यांचे हात एकदाही भरले नाहीयेत. एकदा उसात गेले होते, त्यानंतर एकदाही नाही. रेसमध्येसुद्धा नाही. माझे तर तीन फेऱ्यांत जातात."

मी बिस्किट खाली ठेवलं. म्हटलं, "कोण म्हणालं?"

"सरच. आणि आम्ही बघतो ना. आता बघा."

दिगू गाडीवर चढला होता. पोरांना दाखवायला. मी त्याला उसानंतर कधी गाडीवर बघितलाच नव्हता. काय सांगू, म्हातारा गाडीवर उभा होता आणि खाली जमीन नुसती उसळत होती, पण तो हलत नव्हता. हात तर असे, जसे वाळत घातलेल्या सदऱ्याचे. फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या, उतरला, हेल्मेट काढलं, तोंड पुसलं. मी उठून गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात मी दाबला. मऊ. पिकल्या केळ्यासारखा मऊ.

"हे काय रे?" मी म्हटलं. "दर रविवारी तर दगड घेऊन यायचास. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. बोटं मिटायची नाहीत तुझी. तिनं घास भरवलाय तुला."

तो हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिला. पोरं लांब गेल्याचं बघितलं. मग म्हणाला, "सगळे गेले की एकटा काढायचो, दाजी. शेवटच्या तीन-चार फेऱ्या. आवळून."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. कोपरं खाली, श्वास कोंडून, जेवढं जमेल तेवढं आवळायचं. मग भरतात."

"अरे पण का?"

"नुसता जाऊन काय सांगणार होतो? आक्का तुम्हाला माहिती नाही का? नुसता बसलेला माणूस दिसला की तिच्या हाताला खाज सुटायची. दळण आण. सिलिंडर बघ. माळ्यावरून डबा काढ. आणि ती स्वतः तरी कधी बसायची का? तुमच्या ताटाशी, पोरीच्या शाळेशी, उभीच. मी हात भरले म्हटलं की तेवढी बसायची. अर्धा तास. आमच्या आईसारखी मांडी घालून."

एवढी वर्षं मी पेपरात जगाच्या बातम्या वाचत होतो. म्हटलं, "तिला काय माहीत? बिचारी रगडत बसायची."

दिगू हसला. शालन गेल्यापासून पहिल्यांदा मला त्याचे दात दिसले. "माहीत नव्हतं? एकदा पाऊस होता, दोनच फेऱ्या आवळून आलो. तिनं तेल लावलं, हात दाबला आणि म्हणाली, 'आज कमी आवळलंस रे दिग्या. घाईत आहेस काय?'"

हे ती मला कधी बोलली नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. मी धुळीकडं बघत राहिलो. तिची नवीन गोष्ट ऐकून वर्ष झालं होतं. आता नवीन काही कळायचं नाही असं मी धरून चाललो होतो. आणि ती इथं, असल्या मातीत निघाली.

"मग आता का येत नाहीस?" मी विचारलं. विचारायलाच आलो होतो.

"आता हात भरत नाहीत, दाजी," तो म्हणाला. "काय सांगून येऊ?"

"सांगायला कशाला पाहिजे? तोंड घेऊन ये की. मटण वाया जातं माझं."

तो हेल्मेटवरची माती अंगठ्यानं खरवडायला लागला. मान खाली. जास्त आग्रह करायला मला जमत नाही. परत सावलीत जाऊन बसलो. वाटलं, झालं, आता चहा पिऊ आणि बस बघू.

पोरं गाड्या टेम्पोत चढवत होती. ऊन उतरलं होतं. तेवढ्यात मागं किक बसली. दिगू परत गाडीवर. एकटाच.

पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीला सानिका दोर बांधता बांधता थांबली. "अय्यो, सर काय करतायत?" दिगू गाडीवर बसलेला, उभा नाही. कोपरं बरगड्यांना चिकटलेली. मान आत. दोन्ही मुठी अशा की लांबून बोटांची हाडं मोजावीत. उंचवट्यावर गाडीनं त्याला गदागदा हलवला, पण तो हँडल सोडेना. आमच्या समोरून गेला तेव्हा तोंड घट्ट मिटलेलं, पाढा नाही, काही नाही.

"सर! एल्बो! सर, ग्रिप लूज करा!" पोरगी धावत बांधावर गेली. मला म्हणाली, "आजोबा, त्यांना थांबवा ना. हात जातील त्यांचे! काय झालंय सरांना?"

तिसरी फेरी. चौथी.

"काही झालं नाही," मी म्हटलं. "घरी यायचंय त्याला."

आणि तिळाचं तेल घरात आहे की संपलं, ते मी आठवायला लागलो.